ढालीचे संदिग्ध नियम कसे वाचायचे? आमच्या सोलापूरच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जुळे सोलापुरात दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. ‘टेबल’ हा शब्द सवयीचा. प्रत्यक्षात बैठक शहाबादी फरशीवर असते. एक फरशी म्हणजे खेळातला पाच फुटांचा चौकोन, खडूने काढलेल्या भिंती, आणि शत्रूंच्या जागी कॅरमच्या काळ्या सोंगट्या. गेली काही वर्षं डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आणि निकाल देणाऱ्या डन्जन मास्टरची, जबाबदारी माझ्याकडे आहे. नवीन मंडळी आली की पहिल्या महिन्यात ड्रॅगनवरून किंवा जादूवरून जेवढे वाद होतात, त्याहून जास्त ढालीवरून होतात. एकदा अशाच वादात एक चांगला गडी दुखावून निघून गेला. चूक माझी होती. एकाच प्रश्नाला मी आधीच्या रविवारी एक उत्तर दिलं होतं आणि त्या दिवशी दुसरंच. तेव्हापासून प्रत्येक निकाल मी एका लाल वहीत लिहितो. खालचे प्रश्न त्या वहीतले आहेत.

आम्ही पाचवी आवृत्ती खेळतो. तिचे २०१४ चे नियम आणि २०२४ चे सुधारित नियम जिथे वेगळे पडतात, तिथे तसं सांगितलं आहे. पुस्तकाचा नियम कुठला आणि आमचा घरचा निकाल कुठला, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं ठेवलं आहे. तुमच्या टेबलावर घरचा निकाल वेगळा असू शकतो.

ढालीचा मूळ नियम काय आहे?

ढाल एका हातात असते. ती वापरत असाल तर एसी, म्हणजे आर्मर क्लास (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा), २ ने वाढतो. किंमत १० सोन्याची नाणी, वजन ६ पौंड, म्हणजे साधारण पावणेतीन किलो. चढवायला एक ॲक्शन (पाळीतलं एक मुख्य काम) लागते, उतरवायला एक ॲक्शन लागते. एका वेळी एकाच ढालीचा फायदा मिळतो.

एवढ्या चार ओळी, मग गोंधळ कशाचा?

क्रियापदांचा. २०१४ च्या पुस्तकात एका ठिकाणी ढाल हातात ‘धरलेली’ असते, दुसऱ्या ठिकाणी ती ‘पेलायची’ असते, तिसऱ्या ठिकाणी दंडाला ‘बांधायची’ असते, आणि वेळेच्या तक्त्यात ती चिलखतासारखी ‘चढवायची-उतरवायची’ असते. इंग्रजी वाचताना ही चारही क्रियापदं एकाच अर्थाची वाटून जातात. मराठीत बोलायला लागलं की फरक लगेच कानाला जाणवतो. धरलेली वस्तू सुटते. बांधलेली वस्तू सुटत नाही. पेललेली वस्तू म्हणजे जिच्यामागे माणूस जागा आहे, ती. म्हणून मी नव्या गड्यांना सांगतो, नियम अडला की तो मराठीत मोठ्याने म्हणून बघा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी एकच प्रश्न विचारायचा: हात कुठे आहे? ढालीच्या बहुतेक शंका खरं तर हाताच्या शंका असतात. त्या हाताने ढाल पेलली आहे, की मशाल धरली आहे, की जादूची खूण करायची आहे?

आपल्याकडच्या जुन्या ढाली बघितल्या असतील तर हे चटकन कळतं. गोल ढालीच्या दर्शनी बाजूला चार फुलं असतात. ती नुसती शोभेची नसतात. आतल्या कड्यांचे खिळे त्या फुलांखाली बसवलेले असतात, त्या कड्यांना दोन मुठी, आणि मुठींखाली बोटांच्या सांध्यांना मार बसू नये म्हणून छोटी गादी. दोन्ही मुठी एकत्र आवळल्या की ढाल मुठीत येते. मूठ उघडली की ढाल सुटते. युरोपातल्या घोडेस्वारांच्या लांबट ढालींना मात्र कोपरापुढच्या हाताभोवती आवळायचे चामडी पट्टे असत. पुस्तकाने या दोन्ही जाती एकाच शब्दात कोंबल्या, आणि वाद तिथून सुरू झाला.

म्हणून आमच्या वहीतला पहिला निकाल असा आहे. पात्र तयार करतानाच सांगायचं: तुझी ढाल मुठीची की पट्ट्याची? एसी दोन्हींचा सारखाच, चढवायला लागणारी ॲक्शनही सारखीच. फरक फक्त ती सुटण्यात आहे. मुठीची ढाल केव्हाही टाकून देता येते, पण ती हातातून पडूही शकते. पट्ट्याची पडत नाही, पण उतरवायला पूर्ण ॲक्शन लागते. पुस्तकात हा भेद नाही, तो आमचा आहे. खाली तो दोन-तीनदा कामाला येईल.

नुसत्या २ ने असा काय फरक पडतो?

बराच पडतो. साध्या गॉब्लिनच्या (खेळातला एक छोटा राक्षस) हल्ल्याला फाशाच्या आकड्यावर +४ मिळतात. तुमचा एसी १६ असेल तर त्याला वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे वीसपैकी नऊ वार लागतात. ढाल घेऊन एसी १८ झाला की १४ किंवा जास्त हवेत, म्हणजे वीसपैकी सात. नवाचे सात झाले, म्हणजे लागणाऱ्या वारांतला पाचवा हिस्सा कमी झाला. आणि शत्रूला मुळातच मोठा आकडा लागत असेल तर ढाल आणखी कामाची ठरते, कारण सातातले दोन जाणं आणि चारातले दोन जाणं यात फार अंतर आहे. चिलखत चांगलं असलेल्याने ढाल घ्यावी की नाही, असा प्रश्न आला की मी हा हिशेब फरशीवरच खडूने मांडतो.

गॉब्लिन ढाल धरून धनुष्य कसं मारतो?

हा प्रश्न एका बारावीतल्या मुलीने विचारला, आणि तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. २०१४ च्या पुस्तकात गॉब्लिनचा एसी १५ दिला आहे, चामड्याचं चिलखत आणि ढाल धरून. त्याच्याच हल्ल्यांच्या यादीत लहान धनुष्यही आहे, आणि धनुष्याला दोन हात लागतात. हॉबगॉब्लिनचंही तेच: साखळीचं चिलखत आणि ढाल मिळून एसी १८, आणि यादीत मोठं धनुष्य.

हात कुठे आहे? दोन्ही धनुष्यावर. मग ढालीचे २ मिळत नाहीत. धनुष्य घेतलेला गॉब्लिन एसी १३ चा आणि हॉबगॉब्लिन १६ चा. आम्ही असंच चालवतो. त्याला तलवारीवर यायचं असेल तर ढाल चढवण्यात त्याची एक ॲक्शन जाते, तुमची जाते तशीच. जो नियम गड्यांना लागू, तो माझ्या काळ्या सोंगट्यांनाही लागू. हे एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं की पुढचे कठोर निकालही मंडळी मनापासून मान्य करतात.

एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल. क्लेरिकने स्पेल टाकायचे कसे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर थोडं लांब आहे, कारण नियम तीन ठिकाणी विखुरला आहे.

स्पेलला, म्हणजे एकेका जादूला, तीन गोष्टी लागू शकतात: मंत्र, हाताची खूण आणि सामग्री. मंत्राला हात लागत नाही. खुणेला एक मोकळा हात लागतो. सामग्री हाताळायलाही एक मोकळा हात लागतो, पण खूण करणारा आणि सामग्री धरणारा हात एकच चालतो. सामग्रीच्या बदल्यात क्लेरिक (देवाचा सेवक) आणि पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) आपलं पवित्र चिन्ह वापरू शकतात, आणि ते चिन्ह ढालीवर कोरलेलं असलं तरी चालतं.

आता गंमत बघा. ‘ब्लेस’ला मंत्र, खूण आणि सामग्री तिन्ही लागतात. सामग्रीची जागा ढालीवरच्या चिन्हाने घेतली, आणि तोच हात खूणही करतो. म्हणजे गदा न सोडता ब्लेस टाकता येतो. ‘क्युअर वून्ड्स’ला फक्त मंत्र आणि खूण लागते, सामग्री नाही. सामग्री नाही म्हणून चिन्हाचा उपयोग नाही, आणि मोकळा हात तर नाहीच. मग जखमी सोबत्याला बरं करायला आधी गदा कमरेला लावा. ‘हीलिंग वर्ड’ला नुसता मंत्र पुरतो, तो केव्हाही चालतो. जास्त सामान लागणारा स्पेल सोपा आणि कमी लागणारा अवघड, असा हा उलटा हिशेब आहे. पण पुस्तकाचा अर्थ तोच निघतो, आणि खेळ बनवणाऱ्यांनीही तो तसाच सांगितला आहे.

काही जण तोड काढतात: गदा खाली टाकायची, कारण टाकायला काही लागत नाही, मग स्पेल, मग पाळीतल्या एका फुकटच्या हालचालीने गदा उचलायची. २०१४ च्या नियमांत हे बसतं. तरीही मी ते चालू देत नाही. दर सहा सेकंदांनी देवाचा सेवक आपलं शस्त्र धुळीत टाकतो आणि उचलतो, हे चित्र मला पटत नाही, आणि प्रत्येक पाळीत तेच बोलायला दोन मिनिटं जातात.

आमचा निकाल असा: ढालीवर चिन्ह कोरलेलं असेल तर क्लेरिक आणि पॅलाडिनने आपल्या पाळीत ढालीच्या हातानेच खूण करावी, सामग्री असो वा नसो. मात्र रिॲक्शन म्हणून दुसऱ्याच्या पाळीत टाकायच्या स्पेलला ही सवलत नाही. तिथे ‘वॉर कास्टर’ हे फीट (पात्राने घ्यायची खास क्षमता) घ्या. ते दोन्ही हात शस्त्र-ढालीत गुंतलेले असतानाही खूण करू देतं, शिवाय मार बसल्यावर कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेलवरचं लक्ष, टिकवायला मदत करतं. ज्याने ते फीट घेतलं आहे त्याला त्याची किंमत मिळायला हवी, म्हणून रिॲक्शनची सीमा ठेवली.

फायटरकडे ‘शील्ड’ स्पेल आहे आणि हातात ढालही आहे. दोन्ही मिळून +७ होतात का?

होतात. ढालीचे २ आणि स्पेलचे ५ वेगवेगळे आहेत, ते बेरजेत येतात. ‘शील्ड ऑफ फेथ’ या दुसऱ्या स्पेलचे २ ही वर चढतात. अडचण पुन्हा हाताची. शील्ड स्पेलला मंत्र आणि खूण लागते, आणि तो रिॲक्शनने टाकायचा असतो. दुसऱ्याच्या पाळीत तलवार म्यान करायची सोय नाही. म्हणून तलवार आणि ढाल घेतलेल्याला वॉर कास्टरशिवाय तो टाकता येत नाही.

नावांचा घोळ टाळायला आमच्याकडे एक शिस्त आहे. हातातली ती ‘ढाल’, स्पेल तो ‘शील्ड’. आमच्यात घरी तेलुगू बोलणारे दोघे आहेत, ते हातातलीला ‘डालू’ म्हणतात. एकीच्या घरी कन्नड, ती ‘गुराणी’ म्हणते. काहीही म्हणा, फक्त ‘शील्ड’ हा शब्द स्पेलसाठी राखून ठेवा. ‘मी शील्ड वापरतो’ या एका वाक्यावर आमची अर्धी संध्याकाळ गेलेली आहे.

शील्ड स्पेल वार लागल्यावर टाकायचा असतो, आणि वाराचा एकूण आकडा डीएमने सांगावा की नाही यावर पुस्तक गप्प आहे. मी सांगतो. स्पेल टाकायच्या रोजच्या मोजक्या स्लॉटपैकी एक जाणार असतो. तो अंधारात घालवायला लावणं मला योग्य वाटत नाही. फाशावर थेट २० पडला असेल तर मात्र एसी कितीही वाढवा, वार लागतोच.

ढाल म्हणजे ‘आर्मर’ आहे का? ‘मेज आर्मर’ हा स्पेल ढालीने संपतो का?

ढाल चिलखतांच्या तक्त्यात छापली आहे, म्हणून ही शंका येते. माझं वाचन असं: ढाल त्या तक्त्यात आहे, पण ती ‘अंगात घातलेलं चिलखत’ नाही. पुरावा पात्रांच्या दोन क्लासच्या (प्रकारांच्या) वर्णनात आहे. बार्बेरियनला चिलखताशिवाय १० अधिक डेक्स्टेरिटी (चपळाई) अधिक कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) असा एसी मिळतो, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की ढाल वापरली तरी चालेल. मंकच्या बाबतीत ‘चिलखत घातलेलं नाही आणि ढालही घेतलेली नाही’ अशा दोन वेगळ्या अटी आहेत. ढाल म्हणजे चिलखतच असतं, तर मंकला दुसरी अट लिहायची गरज नव्हती.

तेव्हा ‘मेज आर्मर’चा एसी, १३ अधिक डेक्स्टेरिटी, ढाल घेतल्याने संपत नाही. वर २ मिळतात. ‘शॉकिंग ग्रास्प’ या स्पेलचा फायदा २०१४ च्या नियमांत धातूचं चिलखत घातलेल्यावर मिळतो. नुसती लोखंडी ढाल असलेल्यावर मी तो देत नाही. कारण तेच.

विझर्डने, म्हणजे जादूगाराने, ढाल उचलली, पण सराव नाही. काय होतं?

इथे दोन पुस्तकं वेगळी पडतात, नीट बघा. २०१४ प्रमाणे सराव नसलेल्यालाही एसीचे २ मिळतात, पण स्ट्रेंग्थ (ताकद) आणि डेक्स्टेरिटीच्या हल्ल्यांवर, चाचण्यांवर आणि सेव्हवर (संकटातून वाचायच्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा, आणि स्पेल अजिबात टाकता येत नाहीत. २०२४ मध्ये सराव नसेल तर ढालीचे २ मिळतच नाहीत. स्पेल बंद होण्याची शिक्षा मात्र तिथे चिलखताच्या प्रकारांना जोडली आहे, ढालीला नाही. म्हणजे जुन्या नियमांत विझर्डला ढाल महाग पडते, नव्यात ती निरुपयोगी असते. आम्ही नवा नियम घेतला. समजावायला एक वाक्य पुरतं.

‘हीट मेटल’ने ढाल तापवली तर ती टाकून देता येते का?

हा वाद आम्ही मे महिन्यात गच्चीवर केला होता. दिवसभराच्या उन्हाने गच्चीचा लोखंडी दरवाजा रात्री आठलाही हात लावू देत नव्हता, त्यामुळे तापलेली ढाल कोणाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

स्पेल म्हणतो: ती वस्तू धरणाऱ्याला किंवा घातलेल्याला चटका बसला की त्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा, तो चुकला आणि वस्तू टाकता येण्यासारखी असेल तर टाकावी लागते. टाकली नाही तर हल्ल्यांवर आणि चाचण्यांवर डिसॲडव्हान्टेज. आता ढाल टाकता येण्यासारखी आहे का? ‘हातात धरलेली’ हे क्रियापद घेतलं तर हो. ‘उतरवायला एक ॲक्शन’ हा तक्ता घेतला तर नाही. दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत, आणि दोघंही पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून भांडू शकतात.

मुठीची आणि पट्ट्याची हा भेद मी त्या रात्री काढला. मुठीची असेल तर सेव्ह चुकताच ती खाली, आणि हवं तर सेव्हची वाट न बघता आपल्या पाळीत स्वतःही टाकता येते. पट्ट्याची असेल तर ॲक्शन खर्च करेपर्यंत दर फेरीला चटका. त्या बदल्यात पट्ट्याची ढाल शत्रूला हिसकावता येत नाही. ढाल लाकडी असेल तर प्रश्नच नाही, स्पेल लागूच होत नाही. २०१४ चे ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी पात्रं) धातूची ढाल घेत नसत, २०२४ मध्ये ती अट गेली. आमच्यातल्या ड्रुइडने लाकडीच ठेवली आहे.

बेशुद्ध पडलेल्याच्या एसीत ढाल धरायची का?

नियम म्हणतो, बेशुद्ध माणूस हातातलं सगळं टाकतो आणि आडवा पडतो. मुठीची ढाल सरळच पडली, २ गेले. पट्ट्याची हातावर राहिली, पण तिला पेलणारा जागा नाही. म्हणून तेव्हाही आम्ही २ धरत नाही. फरक पुढे पडतो: शुद्धीवर आल्यावर पट्ट्याच्या ढालीचे २ लगेच परत मिळतात, मुठीची मात्र उचलून चढवायला ॲक्शन लागते.

गुंग झालेल्या किंवा लुळ्या पडलेल्या पात्राचा प्रश्न वेगळा. स्टन्ड आणि पॅरलाइज्ड या अवस्थांत हातातलं टाकण्याबद्दल २०१४ च्या पुस्तकात काही नाही. त्यांच्यावरच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतोच, त्यात शिक्षा आली. तिथे आम्ही एसीला हात लावत नाही.

‘शील्ड मास्टर’ फीटने आधी ढकलायचं की आधी मारायचं?

२०१४ चं वाक्य असं: तुमच्या पाळीत तुम्ही अटॅक ॲक्शन घेतलीत तर बोनस ॲक्शनने (पाळीतल्या जोडकामाने) ढालीने ढकलू शकता. आधी ढकलून शत्रूला आडवा पाडला तर पुढच्या सगळ्या वारांना ॲडव्हान्टेज, म्हणून सगळ्यांना आधी ढकलायचं असतं. तेव्हा खेळाचे नियम बघणारे जेरेमी क्रॉफर्ड यांनी सुरुवातीला सांगितलं होतं की क्रम तुमच्या मर्जीचा. २०१८ मध्ये त्यांनी ते फिरवलं: अट आधी पूर्ण व्हायला हवी, ॲक्शन घ्यायचा नुसता इरादा पुरत नाही. ‘घेतलीत तर’ हे शब्द बघता दुसरं वाचन जास्त बरोबर आहे, असं माझंही मत आहे. पण ज्यांनी पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवून पात्र उभं केलं त्यांचा राग मी समजू शकतो.

आम्ही मधला रस्ता घेतला होता: दोन वार मिळत असतील तर पहिल्या वारानंतर ढकला, मग दुसरा. आता हा वाद मागे पडला. २०२४ मध्ये फीटच बदललं आहे. वार लागला की त्याला जोडूनच ढालीचा दणका, समोरच्याने स्ट्रेंग्थ सेव्ह चुकवला की तो पाच फूट मागे किंवा आडवा, पाळीत एकदाच. बोनस ॲक्शनचा संबंधच उरला नाही.

त्याच फीटमधली २०१४ ची दुसरी ओळ लोक विसरतात. डेक्स्टेरिटी सेव्हला ढालीचे २ मिळतात, पण फक्त तुम्हा एकट्यावर रोखलेल्या गोष्टीला. फायरबॉल सगळ्यांवर येतो, तिथे ते २ नाहीत. तिथे तिसरी ओळ कामाची: सेव्ह जमला की रिॲक्शन देऊन अर्ध्याऐवजी शून्य नुकसान.

‘प्रोटेक्शन’ची रिॲक्शन फासा पडल्यावर वापरता येते का?

नाही. ढालवाल्याने घ्यायची ही लढाईची शैली शेजारच्या सोबत्यावरच्या हल्ल्यावर डिसॲडव्हान्टेज लादते, म्हणून रिॲक्शन फासा पडण्याआधीच सांगायला हवी. इथे जबाबदारी डीएमची आहे. मी ‘गॉब्लिन विझर्डवर धावतोय’ असं म्हणतो, फासा मुठीत धरून थांबतो, मग टाकतो. एवढं थांबलं नाही तर प्रोटेक्शन घेणाऱ्याचा हक्क कागदावरच राहतो.

ढाल आणि आडोसा दोन्ही मिळतात का? सोबत्याच्या ढालीमागे लपलं तर?

पहिल्याचं उत्तर हो. अर्ध्या आडोशाचे २, पाऊण आडोशाचे ५, आणि ते ढालीच्या २ वर चढतात. आडोसा समजावायला आपला भुईकोट किल्ला हाताशी आहे. तटाच्या जंग्यांमागे उभा राहिलेला तिरंदाज म्हणजे पाऊण आडोसा. पुस्तकातही बाण मारायच्या फटीचं उदाहरण त्याच प्रकारात दिलं आहे. कंबरेएवढी पडकी भिंत म्हणजे अर्धा. एकदा सगळ्यांना किल्ल्यात फिरवून आणलं आणि प्रत्येक ठिकाणी ‘इथे किती?’ विचारलं. त्यानंतर आडोशावर वाद झालेला नाही.

दुसऱ्याचं उत्तर अनेकांना खटकतं. सोबत्याच्या ढालीचे २ फक्त त्याचे. त्याच्या मागे उभं राहिल्याने तुम्हाला अर्धा आडोसा मिळतो, पण तो त्याच्या शरीराचा. त्याच्याकडे ढाल नसती तरी मिळालाच असता.

पाठीवर टाकलेली ढाल मागून येणारा वार अडवते का?

पाठीवर टाकली म्हणजे पेललेली नाही. २ नाहीत. आणि हातात असेल तर मागच्या वारालाही २ मिळतात, कारण मूळ नियमांत पात्राला तोंड कुठल्या बाजूला आहे हे मोजतच नाहीत. ज्यांना मोजायचं आहे त्यांच्यासाठी २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: ढाल समोरून आणि ढालीच्या बाजूने येणाऱ्या हल्ल्यांनाच लागू. आम्ही दोन रविवार वापरून सोडला. सोंगटीला तोंड नसतं.

ढालीने मारता येतं का? दोन ढाली घेतल्या तर?

मारता येतं, हाताला आलेल्या वस्तूने मारतात तसं: १डी४ (चार बाजूंचा एक फासा) नुकसान, आणि सराव धरायचा नाही. दोन ढाली घेतल्या तरी एसी एकीचाच.

ढालीच्या हातात मशाल? झटापट? क्रॉसबो?

मशाल नाही. पट्ट्याची ढाल असेल तर बोटं मोकळी राहतात हे खरं, पण आम्ही तरीही देत नाही, नाहीतर मुठीची कोणी घेणारच नाही. शत्रूला धरून ठेवायला एक मोकळा हात हवा, ढकलायला नको. हातात मावणारा क्रॉसबो झाडता येतो, पण पुन्हा भरायला मोकळा हात लागतो, म्हणजे ढालीसोबत एकच बाण.

डीएमचा निकाल चुकीचा वाटला तर?

तेव्हाच सांगा, पण एका वाक्यात. मी त्याक्षणी निकाल देतो, खेळ पुढे जातो, आणि खेळ संपल्यावर कडक भाकरी-शेंगा चटणीसोबत पुस्तक उघडतो. चुकलो असेन तर वहीत दुरुस्ती आणि पुढच्या रविवारपासून नवा निकाल. झालेली लढाई उलटवत नाही. एक अपवाद आहे: चुकीच्या निकालाने कोणाचं पात्र मेलं असेल तर ते परत येतं. कोणाचं वर्षभराचं पात्र माझ्या वाचनाच्या चुकीने जाऊ नये.

फासा पडल्यानंतर नियमाचा अर्थ ठरवायचा नाही, हे दोघांनाही बंधन आहे. पडलेला आकडा दिसला की प्रत्येकाला आपल्या सोयीचा अर्थ खरा वाटू लागतो. मलाही वाटतो.

आम्ही पाथफाइंडर खेळतो. हे सगळं लागू होतं का?

फार थोडं. पाथफाइंडर हा असाच दुसरा खेळ. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत नुसती ढाल हातात असून उपयोग नाही. दर पाळीत एक ॲक्शन देऊन ती उचलायची, मग पुढच्या पाळीपर्यंत एसी +२. वार लागला तर ‘शील्ड ब्लॉक’ ही रिॲक्शन: ढालीच्या कठीणपणाएवढं नुकसान कमी होतं, आणि उरलेलं तुम्हालाही लागतं आणि ढालीलाही. साध्या पोलादी ढालीचा कठीणपणा ५ आणि हिट पॉइंट (मार सोसायचं बळ) २०. अर्धे गेले की ती मोडकी. ‘उरलेलं वाटून घ्यायचं का?’ असं विचारतात. नाही, दोघांनाही पूर्ण.

मग आपल्या खेळात ढाल फुटते का?

पाचव्या आवृत्तीत साध्या ढालीला तसा नियम नाही. पण बऱ्याच टेबलांवर एक घरचा नियम चालतो आणि आम्हीही तो घेतला आहे: लागलेला एक वार पूर्णपणे ढालीवर घ्यायचा, नुकसान शून्य, आणि ढालीचे तुकडे. फक्त साधी ढाल, जादूची नाही. लढाईत एकदाच. नुकसानाचे फासे टाकण्याआधी सांगायचं. दुसरी ढाल पिशवीत असेल तर ती चढवायला एक ॲक्शन, आणि तिचे ६ पौंड वजनात धरलेले असायला हवेत.

आमच्या टोळीतल्या पॅलाडिनने अशी पहिली ढाल फोडली ती स्वतःला वाचवताना. ‘शेजारच्यावरचा वार मी माझ्या ढालीवर घेऊ का?’ असं तिने लगेच पुढच्या रविवारी विचारलं. प्रोटेक्शन घेतलेलं असेल, पाच फुटांच्या आत असाल आणि रिॲक्शन शिल्लक असेल तर हो. वहीत तो निकाल तिच्याच अक्षरात आहे.